जुन्या कर्ण्यांचा छंद : खरेदी, जीर्णोद्धार आणि फेरफार

ज्या यंत्राचा कार्यकाल संपला असा निवाडा उद्योगधंद्याने सुमारे सत्तर वर्षांपूर्वीच देऊन टाकला, ज्याची दिवाणखान्यांतून हकालपट्टी झाली आणि जे चित्रपटगृहांच्या पडद्यामागून उतरवून भंगाराच्या भावाने मोडीत घालण्यात आले, त्याच यंत्राची एखादी सुस्थितीतील जोडी आज लिलावास निघाली असता टोकियोपासून पॅरिसपर्यंतचे शौकीन तीवर नव्या कोऱ्या यंत्राच्या कितीतरी पट बोली लावतात, ही बाब बाजाराच्या सामान्य नियमांत सहजासहजी बसणारी नव्हे. कर्ण्याचे जुने ध्वनिक्षेपक मिळवणे, त्यांचा जीर्णोद्धार करणे आणि आपल्या कानास व खोलीस मानवतील असे फेरफार त्यांत करणे, हा छंद आता अर्धशतकाच्या घरात आला आहे. त्याचे स्वतःचे शास्त्र आहे, बाजारपेठ आहे, पंथ आहेत आणि पंथापंथांतून चालणारी भाऊबंदकीही आहे. या भाऊबंदकीचे मूळ एकाच प्रश्नात सापडते : जुन्या यंत्राची दुरुस्ती कोठे संपते आणि त्याची मोडतोड कोठे सुरू होते? या प्रश्नाचा निकाल लावावयाचा तर कर्णा जन्मास का आला, तो मागे का पडला आणि त्यातील नेमके काय आज पुन्हा घडवता येत नाही, हे क्रमाने पाहिले पाहिजे.

विद्युत्-ध्वनिवर्धनाच्या आरंभी शक्ती ही अत्यंत दुर्मीळ चीज होती. कॅलिफोर्नियातील नापा या गावी पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम या दोघांनी चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या गुंडाळीला फोनोग्राफचा कर्णा जोडला आणि २४ डिसेंबर १९१५ रोजी सॅन फ्रॅन्सिस्कोच्या नगरभवनासमोर जमलेल्या नाताळच्या समुदायास त्यातून भाषण व संगीत ऐकवले, तेव्हा कर्णा लावण्याखेरीज त्यांना गत्यंतरच नव्हते; कारण उपलब्ध असलेल्या अत्यल्प विद्युत्शक्तीतून जास्तीत जास्त ध्वनी पिळून काढण्याचा तोच एक मार्ग होता. पुढे १९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकूचा, कर्ण्यावाचून थेट हवेत ध्वनी सोडणारा क्षेपक सिद्ध केला, आणि आजच्या बहुतेक सर्व ध्वनिक्षेपकांचा वंश त्यापासूनच चालत आलेला आहे. परंतु अशा क्षेपकात पुरवलेल्या शक्तीपैकी जेमतेम एखादा टक्का, कित्येकदा त्याहूनही कमी, ध्वनिरूपाने बाहेर पडतो व बाकीची सारी उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. याउलट १९२६ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या वेंट आणि थुरास या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेला वेस्टर्न इलेक्ट्रिक ५५५ हा ड्रायव्हर (कर्ण्याच्या कंठाशी बसणारा ध्वनिजनक) योग्य कर्ण्यास जोडला असता हेच प्रमाण वीस-तीस टक्क्यांच्या घरात नेई. दहावीस वॅटांच्या प्रवर्धकावर हजार-दीड हजार प्रेक्षकांचे चित्रगृह भरून काढावयाचे होते, आणि बोलपट नुकताच बोलू लागला होता. कर्ण्याची राजवट सुरू होण्यास याहून निराळ्या फर्मानाची जरुरी नव्हती.

कर्णा करतो काय, हे थोडक्यात सांगावयाचे तर तो मध्यस्थी करतो. ड्रायव्हरचा पडदा घट्ट व जड आणि समोरची हवा विरळ व हलकी, अशा दोन असमान पक्षांत शक्तीचा व्यवहार नीट होत नाही. पडदा हलतो, पण हवेवर त्याची पकड बसत नाही. कर्ण्याच्या अरुंद कंठाशी पडद्यास दाट प्रतिरोध भेटतो आणि कर्णा हळूहळू रुंदावत जात असता तोच दाब मुखाशी पोहोचेपर्यंत विस्तीर्ण हवेस सोपवला जातो. या रुंदावण्याचे गणित आर्थर वेबस्टर यांनी १९१४ मध्ये वाचलेल्या व १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले, आणि हॅना व स्लेपियन यांनी १९२४ मध्ये ते ध्वनिक्षेपकाच्या रचनेस लावून दाखवले. छेदाचे क्षेत्रफळ ठराविक अंतरागणिक ठराविक पटीने वाढत जाणारा घातीय कर्णा हे त्याचे प्रमाणरूप. या व्यवस्थेचा मोठा लाभ केवळ मोठ्या आवाजाचा नाही. त्याच आवाजासाठी पडद्यास फारच थोडे हलावे लागते, आणि हालचाल थोडी म्हणजे तीतून उपजणारी विकृतीही थोडी. हलक्या आवाजातही स्वर पुसट न होता जिवंत राहतो आणि तबल्यावरील थाप बोटाच्या आघातासकट कानी पडते, असे जे कर्ण्याचे भक्त सांगतात, त्याचे शास्त्रीय कारण बव्हंशी हेच होय.

मात्र या मध्यस्थीचा मोबदला आकारमानाच्या रूपाने द्यावा लागतो. प्रत्येक कर्ण्यास एक खालची मर्यादा असते व तीखाली तो निकामी होतो. ती मर्यादा जितकी खाली न्यावी तितका कर्णा लांब व त्याचे मुख रुंद करावे लागते. स्थूल नियम असा की मुखाचा परिघ त्या सर्वांत खालच्या स्वराच्या तरंगलांबीइतका असावा. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटरांहून अधिक. म्हणजे मुखाचा व्यास जवळजवळ नऊ फूट. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा गोगलगाईसारखा वळवलेला १५ए हा कर्णा उलगडला तर सुमारे १४ फूट भरेल, आणि तरीही खोल खर्जाच्या बाबतीत तो अपुराच पडे. जुन्या कर्ण्यांचा सारा इतिहास हा या एका अडचणीतून वाट काढण्याच्या तजविजींचा इतिहास आहे, आणि आजचा छांदिष्ट जेव्हा जुनी पेटी घरात आणतो तेव्हा तीच अडचण त्याच्या उंबरठ्यावर उभी असते.

या तजविजींचे दोन प्रवाह झाले. पहिला चित्रगृहांचा. स्वरपट्टा दोहोंत वाटून खर्ज एका यंत्रणेकडे व वरचे स्वर दुसरीकडे सोपवण्याची पद्धत मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेच्या ध्वनिविभागात डग्लस शियरर यांच्या नेतृत्वाखाली पक्की झाली. त्या ‘शियरर हॉर्न’ला १९३६ सालासाठी चित्रपट अकादमीचे शास्त्रीय पारितोषिक मिळाले, आणि त्याचे ड्रायव्हर बनवून देणाऱ्यांत जेम्स बी. लान्सिंग हा कसबी कारागीर होता. मक्तेदारीविरोधी कायद्याच्या दडपणाखाली वेस्टर्न इलेक्ट्रिकने चित्रगृहांचा धंदा सोडला, त्याच्या वारशातून अल्टेक ही कंपनी निघाली, तिने १९४१ मध्ये लान्सिंगची कंपनी विकत घेतली, आणि युद्धोत्तर काळात ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ या नावाने ए७, ए५, ए४ अशा ज्या पेट्या तिने काढल्या, त्या पुढे जगभरच्या असंख्य पडद्यांमागे उभ्या राहिल्या. लान्सिंग १९४६ मध्ये बाहेर पडला व त्याने आपल्या नावाच्या आद्याक्षरांची जेबीएल ही संस्था स्थापन केली; १९४९ मध्ये त्याचा अंत झाला, परंतु चार इंची अॅल्युमिनियमच्या पडद्याचा ३७५ ड्रायव्हर, १९५४ चा हार्ट्सफील्ड आणि १९५७ पासून १९८३ पर्यंत बनत राहिलेला, जवळजवळ नऊ फूट लांबीचा पॅरागॉन ही त्या संस्थेची अपत्ये आज संग्राहकांच्या यादीत अग्रस्थानी आहेत.

दुसरा प्रवाह घरगुती. इंग्लंडात पॉल व्होइट याने ट्रॅक्ट्रिक्स या वक्राचा कर्णा सुचवला आणि १९३४ मध्ये खोलीच्या कोपऱ्यात ठेवावयाचा कर्णा बाजारात आणला. कोपरा निवडण्यात मोठी युक्ती होती : दोन भिंती व जमीन मिळून कर्ण्याचे उरलेले मुख आयतेच पुरे करतात, आणि तत्त्वतः मुखाचे क्षेत्रफळ आठव्या हिश्शावर आणता येते. याच युक्तीवर अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या होप गावी पॉल क्लिप्श याने, आतल्या आत घड्या घातलेल्या खर्जकर्ण्याचा क्लिप्शहॉर्न उभारला व १९४६ पासून तो विकावयास आरंभ केला. त्याचे उत्पादन अद्याप चालू आहे, हे या क्षेत्रातले एक आश्चर्यच. टॅनॉयने १९४७ मध्ये खर्जाच्या शंकूच्या मध्यातूनच वरच्या स्वरांचा कर्णा बाहेर काढणारी ‘ड्युअल कॉन्सेन्ट्रिक’ रचना दाखवली आणि १९५३ च्या ऑटोग्राफ पेटीत तिला घडीच्या खर्जकर्ण्याची जोड दिली.

मग ऱ्हास का झाला? प्रवर्धकांची शक्ती स्वस्त झाली, हे पहिले कारण. १९५४ मध्ये एडगर विल्चर याने एआर-१ ही लहानशी बंद पेटी काढून, कार्यक्षमतेचा त्याग केला तर फळीवर मावणाऱ्या पेटीतूनही खोल खर्ज मिळतो हे दाखवले, हे दुसरे. आणि १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकडी आल्याने एकाऐवजी दोन पेट्या घरात मांडण्याचा प्रसंग आला, हे तिसरे व निर्णायक. कारण गृहस्थाच्या घरात एक कपाटाएवढा कर्णा कसाबसा खपून जाई, दोन खपणे शक्य नव्हते. यात कर्ण्याचा पराभव आवाजाच्या कसोटीवर झाला नसून जागेच्या व खर्चाच्या हिशेबावर झाला, ही नोंद पुढील विवेचनासाठी ध्यानी ठेवावी.

पुनरुज्जीवनाचा मान प्रामुख्याने जपानकडे जातो. अमेरिकेतील जुनी चित्रगृहे आपली यंत्रे टाकून देत असता जपानी संग्राहकांनी ती उचलली. तिथल्या जॅझ ऐकवणाऱ्या कॉफीगृहांनी अल्टेक व जेबीएलच्या पेट्यांभोवती एक श्रवणसंस्कृतीच उभी केली. जपानात राहून हे सारे पाहिलेल्या झाँ हिरागा या फ्रेंच लेखकाने १९७७ पासून ‘लॉडिओफील’ या नियतकालिकाच्या द्वारे त्याची ओळख युरोपास करून दिली. या चळवळीचा दुसरा पाय म्हणजे एकनळी ट्रायोड प्रवर्धक. ३०० बी या नळीतून सात-आठ वॅट, २ए३ मधून जेमतेम साडेतीन वॅट मिळतात. एका वॅटला ८६-८८ डेसिबेल देणाऱ्या आधुनिक पेटीवर त्यांचा निभाव लागत नाही, पण शंभराच्या पुढे देणाऱ्या कर्ण्यावर तेच थोडे वॅट राजासारखे राहतात. दहा डेसिबेलांची तफावत म्हणजे शक्तीत दहापटीचे अंतर, हे लक्षात घेतले म्हणजे छोटी नळी व मोठा कर्णा यांची सांगड भावनेपेक्षा गणिताने बांधलेली आहे हे कळून येते.

आपल्याकडे या छंदाची मुळे चित्रगृहांतच शोधावी लागतात. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाचा आरंभ केला, आणि पुढील काही वर्षांत वेस्टर्न इलेक्ट्रिक व आरसीए फोटोफोन यांच्या यंत्रणा हिंदुस्थानातील मोठ्या चित्रगृहांत येऊन बसल्या. एकपडदा चित्रगृहे बंद पडू लागली तेव्हा त्यांतील सामान मोडीवाल्यांकडे गेले, आणि मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नजर तयार असलेल्यास त्यातले एखादे नग अजूनही क्वचित हाती लागते. येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य दिली पाहिजे. जत्रेत, तंबूतल्या सिनेमात, लग्नमांडवावर किंवा प्रचाराच्या जीपवर आपण जो भोंगा पाहतो तो कर्ण्याच्याच जातीचा असला तरी त्याचे प्रयोजन निराळे : दूरवर शब्द पोहोचवणे एवढेच त्याचे काम, आणि दोनतीनशे हर्ट्झखालचे स्वर त्यात जवळजवळ नसतातच. तसेच चोरबाजारात पितळी कर्ण्यासह मिळणारे चकचकीत ग्रामोफोन बहुधा शोभेसाठी नव्याने जुळवलेले असतात. त्यांना जुनेपणाचा दाखला कोणी देऊ नये व घेऊही नये.

खरेदीचा विचार करताना पहिली तपासणी आपल्या खोलीची करावी. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे एका कोपऱ्यात दार व दुसऱ्यात खिडकी आहे, तिथे क्लिप्शहॉर्न आणणे म्हणजे त्याचे अर्धे अंग कापून टाकणे होय. त्याला दोन मोकळे कोपरे हवेतच. मोठ्या चित्रगृही कर्ण्याचे दोन आवाज, खालचा व वरचा, एकजीव होण्यास श्रोता पेटीपासून बराच दूर बसावा लागतो. आठ फुटांवर बसणाऱ्यास ते दोन निराळ्या ठिकाणांहून ऐकू येतात. या दृष्टीने लहान जागेसाठी टॅनॉय किंवा अल्टेक ६०४ यांसारखी एककेंद्री रचना सोयीची. ए७ मध्यम दिवाणखान्यासाठी. त्याहून मोठे सारे केवळ वाडे व बंगले यांसाठी. वाहतूक व आयातशुल्क यांचा खर्च आरंभीच मांडून घ्यावा, कारण क्लिप्शहॉर्नची एकेक पेटी पाऊणशे किलोंच्या घरात जाते आणि जुन्या मोठ्या ड्रायव्हरांचे लोहचुंबकही किलोंनीच मोजावे लागतात. म्हणूनच अनेक जाणते लोक परदेशातून फक्त ड्रायव्हर, ऊफर (खर्जाचे शंकूक्षेपक) व धातूचे कर्णे मागवतात आणि पेट्या येथील सुताराकडून मरीन प्लायमध्ये मूळ मापांबरहुकूम करून घेतात. आमच्या मते हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा आहे.

नगाची पारख करताना नावाच्या पाटीपेक्षा आतल्या वस्तूवर विश्वास ठेवावा. ऊफरचा शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी चारही बाजूंनी समान दाब देऊन हलकेच आत ढकलावा. खरखर आली तर गुंडाळी घासते आहे असे समजावे. सत्तरीतल्या फोमच्या कडा आज हमखास कुजलेल्या असतात व त्या बदलता येतात. पण अल्टेकसारख्या जुन्या, घड्या घातलेल्या कागदी किंवा कापडी कडा अजून शाबूत असतील तर त्यांना हात लावू नये. कोकणातून किंवा मुंबईच्या दमट हवेतून आलेल्या मालात बुरशी, कसर व वाळवी या तिघींचा तपास करावा. प्लायचा थर पोकळ वाजला तर पेटी बाद. जोडीतील दोन्ही ड्रायव्हरांचा रोध मीटरने मोजून पाहावा, तो छापील ओहमांपेक्षा काहीसा कमीच भरतो. पण दोहोंत मोठी तफावत असेल तर एकाचा पडदा बदललेला आहे असे खुशाल धरावे. पडदा मूळचा आहे की नंतरच्या कोणा उत्पादकाचा, हा भाव ठरवणारा सर्वांत मोठा मुद्दा असतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या बाबतीत तर जपान व चीनमध्ये बनलेल्या उत्तम प्रतिकृतीही प्रचारात आहेत; त्या प्रतिकृती म्हणून विकल्या जातात तोवर त्यांत गैर काही नाही, मात्र दुसऱ्या-तिसऱ्या हाती त्यांची पाटी बदलल्याचे प्रकार होतात.

जीर्णोद्धाराचे काम कसे चालते ते एका ड्रायव्हरपुरते जवळून पाहू. अल्टेक ८०२ किंवा जेबीएल ३७५ यांचा मागचा टोप काढला की घुमटीच्या आकाराचा पातळ धातूचा पडदा दिसतो. त्याच्या कडेची गुंडाळी चुंबकाच्या केसभर रुंदीच्या फटीत बसलेली असते. पडद्याचे स्क्रू उलगडून तो सरळ वर उचलावा, तिरपा मुळीच नाही. मग त्या फटीत पाहावे : साठ वर्षांत चुंबकाने ओढून घेतलेले लोखंडाचे कण व गंज तिथे हमखास आढळतो. हा कचरा फुंकून जात नाही, कारण चुंबक त्यास सोडीत नाही; जाड कागदाच्या पट्टीवर चिकट फीत उलटी गुंडाळून ती फटीतून गोल फिरवावी व फीत स्वच्छ निघेपर्यंत पुनःपुन्हा बदलावी. पडदा परत बसवताना स्क्रू अर्धवट आवळून अगदी क्षीण शक्तीचा शुद्ध स्वर खालून वर चढवीत न्यावा. जिथे किंचित भुणभुण लागेल तिथे पडदा हलक्या टिचकीने सरकवून ती नाहीशी करावी, आणि मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने घट्ट करावे. या साऱ्यात चुंबकाची मूळ जुळणी कधीही उघडू नये. जुन्या अल्निको चुंबकाचे लोखंडी वलय सुटे केले की त्याचे चुंबकत्व पुष्कळसे गळून जाते आणि मग ते पुन्हा भरण्यास खास यंत्राची गरज लागते. १९७८ मध्ये झैरमधील यादवीने कोबाल्टचे भाव भडकल्यावर बहुतेक उत्पादक अल्निको सोडून फेराइटकडे वळले, हे ध्यानात घेतले म्हणजे जुना चुंबक जपण्याची कळकळ निव्वळ भाबडी वाटणार नाही. त्याहून जुन्या ड्रायव्हरांत कायम चुंबकच नसतो. ५५५ च्या क्षेत्रगुंडाळीस ७ व्होल्टांचा दीड अँपियर प्रवाह सतत द्यावा लागतो, आणि तो पुरवणारा स्थिर, गुणगुणरहित पुरवठा बांधणे हे स्वतंत्र उपकार्य होऊन बसते.

क्रॉसओव्हरच्या, म्हणजे खर्ज व वरचे स्वर आपापल्या ड्रायव्हरांस वाटून देणाऱ्या मंडलाच्या, बाबतीत जीर्णोद्धाराचा अर्थ अधिक ढिला धरावा लागतो. जुनी धारित्रे वाळतात, त्यांचे मूल्य भरकटते, व्हॉल्यूमच्या वळवण्या गंजून मधूनच बंद पडतात. त्या तशाच ठेवणे म्हणजे निष्ठेच्या नावाखाली बिघाड जपणे होय. मूळ मूल्याची नवी धारित्रे बसवावी आणि जुनी मात्र नाव घालून डबीत ठेवावी. ध्रुवतेकडेही लक्ष द्यावे : जुन्या जेबीएल ऊफरच्या लाल टोकास धन प्रवाह दिला असता शंकू बाहेर येण्याऐवजी आत जातो, इतरांचा बाहेर येतो; दोन कंपन्यांची सांगड घालणारा नवखा यात हटकून फसतो व मधल्या स्वरांत पडलेल्या खळग्याचे खापर कर्ण्यावर फोडतो.

आता फेरफारांचा प्रांत. यात सामान्यतः तीन पंथ आढळतात. पहिला सनातनी पंथ म्हणतो की पेटी, तार, क्रॉसओव्हर, सारे मूळचेच हवे. त्याच्या आग्रहाने पुष्कळ दुर्मीळ माल सुरक्षित राहिला हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. दुसरा पंथ मध्यममार्गी : तो अल्टेकच्या ५११ या घंटेसारख्या घुमणाऱ्या अॅल्युमिनियमच्या कर्ण्यावर बाहेरून डांबरी पट्ट्या किंवा चिकणमाती थापून त्याचा नाद मारतो, ए७ च्या पेटीच्या भिंतींना आतून आडव्या पट्ट्या ठोकतो, वरच्या सप्तकासाठी एखादा वेगळा ट्वीटर जोडतो. तिसरा पंथ मूलगामी. तो जुना ड्रायव्हर घेऊन त्यावर ट्रॅक्ट्रिक्स किंवा झाँ-मिशेल ल क्लेआश यांच्या गणिताने काढलेला नवा लाकडी कर्णा चढवतो, अॅल्युमिनियमच्या जागी बेरिलियमचा पडदा बसवतो, आणि क्रॉसओव्हर काढून टाकून संगणकीय प्रक्रियेने प्रत्येक ड्रायव्हरास स्वतंत्र प्रवर्धक देतो. या शेवटच्या मार्गाचा एक निर्विवाद लाभ आहे : घडीच्या खर्जकर्ण्यातून ध्वनी काही फुटांची वळणे घेऊन येतो व प्रत्येक फुटामागे जवळजवळ एक सहस्रांश सेकंद मागे पडतो, ही पिछाडी जुन्या धारित्रांनी भरून निघत नव्हती, ती आता वरच्या स्वरांस तेवढेच थोपवून धरून भरता येते. मात्र ड्रायव्हर थेट प्रवर्धकास जोडताना मध्ये एक संरक्षक धारित्र अवश्य घालावे. प्रवर्धक चालू करतानाच्या एका धक्क्याने पन्नास वर्षे टिकलेला पडदा क्षणात जळू शकतो.

प्रतिपक्षाची कैफियतही ऐकली पाहिजे. कर्ण्याचा स्वर नाकात बोलल्यासारखा असतो, तो एका अरुंद झोतात फेकला जातो आणि खालच्या मर्यादेजवळ ओबडधोबड होतो, हे आक्षेप खोटे नाहीत. डॉन कील याने १९७५ मध्ये घातीय कर्ण्याच्या पावित्र्यावरच प्रश्न उभा केला आणि त्यानंतरच्या काळात झोताची रुंदी सर्व स्वरांस समान ठेवणारे कर्णे रूढ झाले. आमच्याकडे या आक्षेपांची परीक्षा घेण्यास तंबोऱ्याइतके उत्तम साधन नाही. जवारीचे बारीक उपस्वर ज्या कर्ण्यातून एकसंध पाझरतात तो कर्णा निर्दोष समजावा, आणि ज्यातून त्यांचा एखादा पुंजका पुढे येऊन कानास टोचतो त्याचा कंठ, पडदा किंवा क्रॉसओव्हर तपासावा. उलट अब्दुल करीम खाँ यांच्या १९३०-४० या दशकातील ओडियन तबकड्या किंवा बालगंधर्वांची नाट्यपदे ऐकताना हेच जुने यंत्र असे काही खुलते की अरुंद पट्ट्यात कोंडलेला तो आवाज समोर उभा राहतो. कारण मानवी कंठाचा मधला पट्टा हाच या ड्रायव्हरांचा बालेकिल्ला, आणि ते घडवणाऱ्यांसमोर त्याच काळची ध्वनिमुद्रणे होती. यावरून कर्णा हा सर्व संगीतास सारखाच न्याय देतो असा दावा करू नये. आधुनिक सिंथेसायझरचा खोल खर्ज ज्यास हवा त्याने नवी पेटीच घ्यावी.

आरंभीच्या प्रश्नाचा निकाल आता देता येईल. सनातन्यांचा आग्रह पेटीसकट सर्वांवर सारखा आणि सुधारकांचा उत्साहही सर्वांवर सारखा, ही दोघांचीही चूक आहे. जुन्या यंत्रात अवघ्या तीन वस्तू अशा आहेत की ज्यांची हुबेहूब पुनर्निर्मिती दुष्कर आहे : चुंबकाची जुळणी, मूळचा पडदा व शंकू, आणि ओतीव किंवा घडीव कर्णा. या तिघांवर छिन्नी, करवत किंवा रंग चालवण्याचा अधिकार कोणासही नाही. क्रॉसओव्हर, तारा, प्रवर्धक, पेटीचे अस्तर व मांडणी या बाबी काळाच्या व खोलीच्या स्वाधीन आहेत. त्यांत मन मानेल तो फेरफार करावा, फक्त एकच अट पाळावी की काढलेला प्रत्येक सुटा भाग जपून ठेवला जाईल आणि पुढच्या मालकास एका दिवसात सारे पूर्ववत करता येईल. पाटीवरील नावापेक्षा आपल्या खोलीचे माप आधी पाहावे, बोली लावण्यापूर्वी मागचा टोप उघडून पडदा पाहण्याचा आग्रह धरावा, आणि विकणारा त्यास नकार देत असेल तर माल कितीही नामवंत असो, उठून यावे.